हस्की, बीगल की देशी? पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घरासाठी

पुण्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही नोकरी करतात आणि आठवड्यातले तीन दिवस दोघांनाही ऑफिसला जावं लागतं. सातव्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट आहे. घरात दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना गुडघेदुखी आहे. मुलगी दोन वर्षं कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहे, आणि तिला जबाबदारीची सवय लागेल म्हणून आता घरातून होकार आला आहे. एका मित्राकडची हस्की बघून यजमानांना हस्की हवा आहे. ताईंना वाटतं, फ्लॅट छोटा, तेव्हा बीगलसारखं छोटं कुत्रं बरं. एका विक्रेत्याने ४५ दिवसांचं बीगलचं पिल्लू ‘सगळं व्हॅक्सिनेशन झालेलं’ म्हणून व्हिडिओवर दाखवलं आहे आणि तो निम्मे पैसे आधी मागतो आहे. सासूबाई म्हणतात, आणायचाच तर देशी आणा. पण देशी कुत्रा शिकत नाही आणि मोठं झालेलं कुत्रं नव्या माणसांना जीव लावत नाही, असं ओळखीच्यांनी सांगितलं आहे. सोसायटीच्या कमिटीने ‘मोठी कुत्री चालणार नाहीत’ असं तोंडी बजावलं आहे. ताईंचा प्रश्न एकच: नेमकी कोणती जात घ्यावी?

ताई,

जातीचं नंतर बोलू. आधी एक काम करा, त्या विक्रेत्याला पैसे पाठवू नका. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल आणि विक्रीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ४५ दिवस म्हणजे जेमतेम साडेसहा आठवडे होतात. हा नुसता कागदी नियम नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं भावंडांशी खेळता खेळता चावा किती जोराचा घ्यायचा ते शिकतात. जोरात चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ थांबतो. हे शिकण्याआधीच आईपासून तोडलेलं पिल्लू तेच धडे तुमच्या मुलीच्या हातावर गिरवतं.

‘सगळं व्हॅक्सिनेशन झालेलं’ हेही खरं असू शकत नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गजन्य आजारांवरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत देतात आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, पुढचे डोस चालू राहतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. त्यामुळे साडेसहा आठवड्यांच्या पिल्लाला फार तर एक डोस झालेला असेल. लसीचं कार्ड मागा आणि नीट बघा. प्रत्येक डोससमोर लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर असतो, बाजूला तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असतो. नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा असतील तर ते कार्ड खरं धरू नका. पार्व्होची लागण झाली तरी पहिले काही दिवस पिल्लू बाहेरून ठणठणीत दिसतं. व्हिडिओत उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या करायला लागतं, मग रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि उपचार वेळेत मिळाले नाहीत तर ते हाती लागत नाही. पिल्लाची आई आणि ती राहतात ती जागा प्रत्यक्ष दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. ‘डबल बोन’, ‘पंच फेस’, ‘टीकप’ हे विक्रेत्यांचे शब्द आहेत. त्या नावाची कुठलीही जात नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. जात ठरवण्याआधी तुमच्या घरातला एक मंगळवार कागदावर मांडा. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कोण घरी आहे, कोण खाली जाऊ शकतं, कोणाच्या अंगात तेव्हा ताकद असते, ते लिहा. पत्रावरून मला दिसतं ते असं: ऑफिसच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात फक्त सासूबाई असतात आणि दुपारनंतर मुलगी. म्हणजे दिवसाचे दहा तास कुत्रा खरं तर सासूबाईंचा असणार आहे. हस्की की बीगल यावर तुमची चर्चा झाली, पण त्यांना हे विचारलंत का? त्यांनी ‘देशी आणा’ म्हटलं आहे, म्हणजे विचार केलेला दिसतो. कुत्र्याला खाली नेणं त्यांना जमणार नाही, हे धरूनच चाला. तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही. तेव्हा पिल्लू आणलंत तर दिवसातून चार-पाच वेळा फरशी पुसणं त्यांच्या वाट्याला येईल, आणि ओल्या व्हिट्रिफाइड टाइलवर दुखऱ्या गुडघ्यांनी चालणं धोक्याचं आहे. वर्षाचा लॅब्रॅडॉर पंचवीस-तीस किलोचा होतो आणि घरात तो धावतच वळतो, म्हणजे सासूबाईंना धक्का लागायची भीती. तुमच्या घरासाठी कुत्र्याच्या उंचीपेक्षा या दोन गोष्टी मोठ्या आहेत.

छोट्या फ्लॅटला छोटा कुत्रा, हे गणित बरेच जण करतात आणि ते बहुतेक वेळा चुकतं. कुत्र्याला किती चौरस फूट लागतात यापेक्षा त्याला दिवसभरात काय काम लागतं, हे बघावं. बीगल दहा-बारा किलोचा असतो, चेहरा गोड, मुलांशी छान वागतो. पण ही जात इंग्लंडमध्ये वासावरून सशांचा माग काढायला, तेही कळपाने, तयार केलेली आहे. म्हणून एक तर त्याला एकटं राहणं सोसत नाही, आणि दुसरं, त्याचा आवाज दूरच्या शिकाऱ्याला ऐकू जावा असाच घडलेला आहे. बंद फ्लॅटमध्ये एकटा पडलेला बीगल लांब सूर काढून रडतो आणि ते तीन मजले वर-खाली ऐकू जातं. नाक जमिनीला लागलं की हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. शिवाय तो खादाड असतो. आजीच्या हातून दिवसभर पोळीचे तुकडे मिळाले की वर्षभरात त्याची कंबर दिसेनाशी होते.

यजमानांच्या हस्कीबद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणते. ही जात सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावरून स्लेज ओढायला जोपासली. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, रोज तास-दोन तास दमवणारं धावणं लागतं, आणि कुंपणाखालून, दारातून निसटण्यात ती तरबेज असते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तिला दिवसभर एसीत ठेवावं लागेल, म्हणजे धावणं बंद. धावणं बंद झालं की ती सोफा फाडते, दार ओरबाडते. गरम होतं म्हणून केस भादरणं हा उपायही चुकीचा आहे. ते केस उन्हापासूनही बचाव करतात आणि भादरल्यावर कधीकधी नीट उगवत नाहीत. मित्राकडची हस्की देखणी आहे, यात शंका नाही. यजमानांनी एक रविवार मित्राऐवजी स्वतः तिला पहाटे फिरवून आणावं, मग बोलावं.

गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब स्वभावाने बहुतेक वेळा पहिल्यांदा पाळणाऱ्या घराला मानवतात. अडचण पहिल्या दोन वर्षांची असते. तोवर ते चप्पल, चार्जर, फर्निचरचे पाय सगळं चावतात, आणि दिवसातून दोनदा चांगला व्यायाम झाला नाही तर जास्तच चावतात. गोल्डनच्या दाट केसांत पावसाळ्यात ओल राहते, त्वचेला चट्टे पडतात, गोचीड सापडत नाहीत. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांचं नाक इतकं आखूड केलेलं आहे की साध्या चढावरही त्यांचा श्वास घोरतो, उन्हाळ्यात तर ते जिवावर बेततं. आखूड नाकाच्या कुठल्याही जातीपासून पहिल्यांदा पाळणाऱ्याने लांब राहावं, असं माझं मत आहे. शिह त्झूला रोज विंचरावं लागतं. डॅशहाउंडची पाठ लांब आणि नाजूक असते, सोफ्यावरून उड्या मारून मणक्याची चकती सरकते. मुधोळ आणि कारवान ही आपल्याकडची सुंदर शिकारी कुत्री आहेत, पण नजरेने सावज टिपून धावणाऱ्या कुत्र्याला मोकळं रान लागतं. सातवा मजला त्याच्यासाठी नाही.

मग कोण? तुमच्या घरासाठी मी दोन-तीन वर्षांचा, नसबंदी झालेला, कोणाच्या तरी घरी फोस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता, राहिलेला पंधरा ते वीस किलोचा देशी कुत्रा किंवा मादी सुचवेन. तो मिळाला नाही तर मालक परदेशी गेल्यामुळे वा तत्सम कारणाने घर शोधणारा चार-पाच वर्षांचा शांत लॅब. दोन्हींमागचं कारण एकच आहे. पिल्लाचा स्वभाव हा अंदाज असतो, मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. तो लहान मुलांशी कसा वागतो, एकटा राहतो का, लिफ्टला घाबरतो का, हे त्याला सांभाळणारा माणूस सांगू शकतो. शी-शू बाहेर करायची सवय बहुधा लागलेली असते आणि तो सहा-सात तास धरू शकतो. ऑफिसच्या दिवशी दुपारी त्याला एकदा खाली नेणारं कोणी मोठं माणूस ठरवलंत, तर सासूबाईंना फरशी पुसावी लागणार नाही.

मोठं कुत्रं जीव लावत नाही, हा समज कशाने पसरला ते ठाऊक नाही, पण तो खरा नाही. फक्त वेळ लागतो. पहिले तीनेक दिवस ते गप्प असतं, कोपऱ्यात बसतं, जेवत नाही. तीनेक आठवड्यांत घराचा दिनक्रम त्याला कळतो. मनापासून रुळायला तीन महिने धरा. पहिल्या तीन दिवसांवरून ‘हा उदास आहे, परत देऊ’ असं ठरवू नका, आणि ‘किती गुणी आहे, काहीच त्रास नाही’ असंही ठरवू नका.

देशी कुत्रा शिकत नाही, हेही तसंच. तो झपाट्याने शिकतो, पण लॅबसारखा तुम्हाला खूश करायला नव्हे, त्यात त्याचा फायदा असेल तर. चिकनचा नखाएवढा तुकडा हातात असेल तर पाच-सहा दिवसांत तो ‘बस’ शिकेल. हात उगारलात तर तुमच्यापासून दूर राहायला शिकेल. आखूड केस, आपल्या हवेची सवय, जातिवंत कुत्र्यांत पिढीजात चालत आलेले आजार कमी, या त्याच्या जमेच्या बाजू. उणी बाजूही सांगायला हवी. देशी कुत्रा राखणीचा असतो, दारावरच्या प्रत्येक डिलिव्हरीवाल्यावर भुंकतो. काही कुत्री गर्दीला बिचकतात. गोचीडतापापासून तेही सुटलेले नाहीत. आणि सोसायटीच्या गेटवर आनंदाने राहणारा, दहा घरचं खाणारा मोठा कुत्रा उचलून सातव्या मजल्यावर आणू नका. त्याला ते घर नकोच असतं.

भेटीला जाताना सासूबाईंना आणि मुलीला सोबत न्या, दोनदा तरी जा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. आत गेल्यावर कोणीही त्याच्यावर वाकू नका, डोळ्यांत रोखून बघू नका. तिरके उभे राहा, हात खाली सोडा आणि थांबा. तो स्वतःहून येतो का? येताना अंग सैल, शेपूट मध्यम उंचीवर, तोंड किंचित उघडं असेल तर उत्तम. शेपूट पायांत घालून, डोळ्यांचे पांढरे कोपरे दाखवत जागेवर ताठ उभा असेल तर तो घाबरलेला आहे. असा कुत्रा वाईट नसतो, पण पहिल्यांदा पाळणाऱ्या घरासाठी नसतो. मग थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. दचकणं साहजिक आहे. दचकल्यावर अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा हुंगायला येतो का, हे बघायचं. त्याचे पंजे, कान, ओठ सांभाळणाऱ्याला हाताळायला सांगा आणि तुम्ही चेहरा बघा. त्याच्या जेवणाच्या भांड्यात मात्र हात घालून परीक्षा घेऊ नका. भांड्याजवळ माणूस आल्यावर तो काय करतो, ते सांभाळणाऱ्याला विचारा. वीस मिनिटं रस्त्यावर फिरवा, बाईक जवळून जाऊ द्या. आणि हा प्रश्न थेट विचारा: कधी कोणाला चावला आहे का, आणि तेव्हा काय झालं होतं? एकटा ठेवल्यावरचा व्हिडिओ मागा. चांगल्या संस्था आणि फोस्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट तेच तुम्हाला याहून जास्त प्रश्न विचारतात. जमत असेल तर आधी दोन-तीन आठवडे फोस्टर म्हणूनच घरी आणा.

मुलीबद्दल. कुत्र्यामुळे तिला जबाबदारी येईल, ही अपेक्षा रास्त आहे, पण कुत्र्याची जबाबदारी तिची, हे चालणार नाही. दहा वर्षांचं मूल वीस किलोच्या कुत्र्याला रस्त्यावर एकटं धरू शकत नाही. समोरून दुसरं कुत्रं आलं की पट्टा तरी सुटेल किंवा ती तरी पडेल. दोन्ही वेळचं अन्न वाटीने मोजून देणं, पाण्याचं भांडं घासणं, आठवड्यातून दोनदा ब्रशने विंचरताना कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधणं, एवढं तिच्याकडे द्या. दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा: तो जेवत असताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही. तिसरी गोष्ट तिला न घाबरवता पण नीट सांगा. कुठल्याही कुत्र्याने, घरच्यानेही, दात लावला किंवा ओरखडा काढला तर लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की त्यावर जवळपास उपचारच उरत नाही, म्हणून ‘साधा ओरखडा आहे’ म्हणून सोडायचं नाही.

सोसायटीचं घाबरू नका, पण भांडायलाही जाऊ नका. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आकारावरून भेद करता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. कमिटीला एक साधं पत्र द्या, सोबत रेबीज लसीचा दाखला आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत जोडा. बाहेर पट्टा कायम ठेवा, विष्ठा स्वतः उचला. सोसायट्यांमधली बहुतेक भांडणं विष्ठा आणि भुंकणं या दोनच गोष्टींवरून होतात.

खर्चाचा अंदाज घ्यायचा तर वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला साडेसात ते नऊ किलो. तुमच्या जवळच्या दुकानातल्या भावाने गुणा. त्यात वर्षाची लसीकरणं, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडांची गोळी आणि गावी गेल्यावरचं बोर्डिंग धरा. गोचीडताप झाला तर रक्ततपासण्या आणि उपचार मिळून मोठा खर्च येतो, तेवढी रक्कम बाजूला असू द्या. घरचं जेवण द्यायचं असेल तर नुसतं दूध-पोळी पुरत नाही, त्यात प्रथिनं कमी पडतात. भाताबरोबर अंडं, चिकन हवं. आपल्या फोडणीतला कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत. सासूबाईंना हे आवर्जून सांगा, कारण खाऊ त्यांच्या हातून जाणार.

आणण्याआधी पंधरा दिवस एक प्रयोग करा. कुत्रा नाही असं समजू नका, आहे असं समजा. रोज सकाळी सहाला अर्धा-पाऊण तास, संध्याकाळी तेवढाच वेळ आणि रात्री साडेदहाला दहा मिनिटं, घरातल्या कोणीतरी खाली उतरून चालून यायचं. ऑफिसच्या दिवशीही, पाऊस असला तरीही. कोण गेलं ते कॅलेंडरवर लिहा. पंधरा दिवसांत सात-आठ फेऱ्या बुडाल्या, किंवा सगळ्या फेऱ्यांसमोर तुमचंच नाव असलं, तर कुत्र्याआधी घरात बोलणं व्हायला हवं. मला वाटतं, हस्कीचा प्रश्नही या कॅलेंडरवर आपोआप सुटेल.

वेळ निवडता आली तर दिवाळी संपल्यानंतरचे दिवस घ्या. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके यांच्या तोंडावर नवा कुत्रा आणला तर तो घराचीच धास्ती घेतो. थंडीत चालणं होतं, गोचीडही पावसाळ्यापेक्षा कमी असतात, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्याला तुमचं घर सुरक्षित वाटायला लागलेलं असतं. मुलीची मे महिन्याची सुट्टी सोयीची वाटते, पण महिनाभर सगळे घरी आणि जूनमध्ये अचानक शाळा, ऑफिस, हा बदल नव्या कुत्र्याला झेपत नाही. पहिल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाने रजा घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच त्याला एकटं राहायची सवय लावा. आधी दाराबाहेर एक मिनिट, मग पाच, मग पंधरा. रडायला लागायच्या आत परत या आणि आल्यावर फार लाड करू नका. सासूबाई घरात असल्या तरी ही सवय लावायला हवीच, त्यांनाही दवाखान्यात जायचं असतं.

बाल्कनीला तो यायच्या आधी जाळी बसवा, आणि घसरत्या टाइलवर त्याच्या वाटेत रबराच्या चटया टाका. सासूबाईंनाही त्या उपयोगी पडतील. नवीन कुत्री सर्वाधिक हरवतात ती पहिल्या पंधरवड्यात, आणि बहुतेक वेळा दारातून किंवा लिफ्टमधून. म्हणून तोवर हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना वेगळा पट्टा अडकवा आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला लावा. लिफ्ट थांबण्याआधीच पट्टा आखूड धरा, दार उघडल्यावर आधी तुम्ही बाहेर या, मग त्याला येऊ द्या.